रोटरी इंजिनातला कार्बन काढताना: कोणतं ॲडिटिव्ह, कुठून आणि कोणत्या क्रमाने

रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो. अशा रोटरी गाडीचा जोर कमी झाला, गरम इंजिन पटकन सुरू होईना, आयडलिंग थरथरायला लागलं, की बरेच जण एक डबी आणतात आणि सापडेल त्या वाटेने इंजिनात ओततात. कधी फरक पडतो, कधी काहीच होत नाही, आणि कधी चांगला चालणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) कामातून जातो. दोष सहसा डबीतल्या द्रवाचा नसतो. कॉम्प्रेशन (चेंबरमध्ये दाबल्या गेलेल्या हवेचा दाब) न मोजता सुरुवात होते, नवे प्लग आणि नवं ऑइल आधीच घातलं जातं, आणि पिस्टन इंजिनाची पद्धत जशीच्या तशी इथे लावली जाते. मझदा आरएक्स-७ आणि आरएक्स-८ मधल्या १३बी घराण्यातल्या दोन रोटरच्या इंजिनांसाठी हे काम कोणत्या क्रमाने करायचं, ते पुढे दिलं आहे.

## आधी हे समजून घ्या: कार्बन कुठे बसतो

रोटर त्रिकोणी असतो. त्याच्या तीन टोकांवर तीन एपेक्स सील, दोन्ही बाजूंना मिळून सहा साईड सील आणि कोपऱ्यांवर सहा कॉर्नर सील असतात. प्रत्येक सील आपल्या खाचेत स्प्रिंगवर मोकळं हललं पाहिजे. या इंजिनात सीलना वंगण मिळावं म्हणून ऑइल मीटरिंग पंप मुद्दाम थोडं ऑइल चेंबरमध्ये सोडतो. ते जळतं आणि त्याची काजळी उरते. भरीस छोट्या फेऱ्या, थंड इंजिन आणि कमी आरपीएमवर रेंगाळणं आलं, की काजळी खाचेत घट्ट बसते आणि सील अडकतं. सील भिंतीला नीट टेकलं नाही, की कॉम्प्रेशन गळतं.

आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनात एक्झॉस्टचे पोर्ट बाजूच्या हाउसिंगमध्ये (रोटरभोवतीच्या कवचात) आहेत. त्यामुळे साईड सील रोज गरम, काजळीच्या वायूवरून सरकतात. जुन्या १३बी मध्ये एक्झॉस्ट रोटर हाउसिंगच्या परिघातून निघतो, त्यामुळे साईड सीलवर तेवढा भार येत नाही. पण रोटरच्या तोंडांवर (त्रिकोणाच्या तीन बाजूंवर) आणि एपेक्स सीलच्या खाचांत कार्बन तिथेही साठतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. टाकीत घातलेलं ॲडिटिव्ह चेंबरच्या पृष्ठभागावर काम करतं, पण खाचेत गच्च अडकलेलं सील सोडवायला द्रव त्या खाचेपाशी थांबून मुरावा लागतो. म्हणून पद्धती तीन आहेत, आणि सौम्य पद्धतीकडून कडक पद्धतीकडे जायचं.

## टप्पा १: मोजमाप

इथे वेळ घालवा. बाकीचं सगळं काम या टप्प्यावर अवलंबून आहे.

साध्या कॉम्प्रेशन गेजमध्ये हवा धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. रोटरच्या प्रत्येक फेरीत तीन तोंडं प्लगच्या भोकासमोरून जातात आणि असा गेज तिघांतला सगळ्यात मोठा आकडा दाखवून थांबतो. एक तोंड मेलेलं असलं तरी आकडा छान दिसतो. रोटरीसाठी तिन्ही तोंडं वेगवेगळी नोंदवणारा टेस्टर लागतो. तो मिळत नसेल तर साध्या गेजचा व्हॉल्व्ह दाबून उघडा धरा आणि सुई किती उडते ते पाहा. तीन सारखे ठोके हवेत. आकडा खरा मिळणार नाही, पण एखादं तोंड कमजोर आहे का ते कळतं.

आरएक्स-८ साठी २५० आरपीएमवर ८३० किलोपास्कल हे प्रमाण आणि ६८० ही किमान मर्यादा आहे. एकाच रोटरच्या तोंडांमधला फरक १५० पेक्षा आणि दोन रोटरमधला फरक १०० पेक्षा जास्त नसावा. स्टार्टर हळू फिरला तर आकडा खोटा कमी येतो, म्हणून बॅटरी आधी पूर्ण चार्ज करा. मोजमाप गरम इंजिनावर करा. टेस्टर आरपीएमही दाखवत असेल तर तो लिहून ठेवा आणि आकडा २५० आरपीएमच्या हिशोबात बदलून घ्या.

आकडे कसे वाचायचे:

- दोन शेजारच्या तोंडांत कॉम्प्रेशन कमी असेल तर संशय त्यांच्यामधल्या एपेक्स सीलवर. एक एपेक्स सील दोन चेंबरची भिंत असतं.
- एकच तोंड कमी असेल तर साईड किंवा कॉर्नर सील.
- तिन्ही तोंडं सारखीच खाली गेली असतील तर बहुतेक झीज. इथे ॲडिटिव्हकडून फार आशा ठेवू नका.
- दोन तोंडं जवळजवळ शून्य आणि इंजिनात धातूचा आवाज, तर सील तुटलेलं असू शकतं.

> थांबा: शेवटच्या प्रकारात काहीही ओतू नका आणि इंजिन पुन्हा सुरू करू नका. खालच्या प्लगच्या भोकातून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून आतली भिंत पाहा. खोल ओरखडे दिसले तर इंजिन उघडावं लागणार. तुटलेला तुकडा घेऊन इंजिन जितकं फिरेल तितकं हाउसिंग खराब होईल.

कमी कॉम्प्रेशनसारखीच लक्षणं कमजोर इग्निशन कॉइलही देतात. आरएक्स-८ मध्ये हे वारंवार दिसतं. स्पार्क अशक्त असेल तर कार्बन पुन्हा साठणारच, त्यामुळे कॉइल आणि प्लगच्या वायरी याच टप्प्यावर तपासा. कॉम्प्रेशन तिन्ही तोंडांवर चांगलं असूनही गाडी थरथरत असेल, तर आधी कॉइलकडे वळा.

## टप्पा २: तयारी

जुनं ऑइल आणि जुने प्लग तसेच राहू द्या. सफाईत सॉल्व्हंट थोडंफार ऑइलमध्ये उतरतं आणि सुटलेली काजळी प्लगवर बसते. दोन्ही नंतर बदलायचे आहेत, पण ते आताच विकत आणून ठेवा. काम अर्धवट सोडून दुकानात जायची वेळ यायला नको.

लागणारं सामान: पॉलिइथर अमाईन, म्हणजे पीईए असलेलं पेट्रोल ॲडिटिव्ह, लेबलवर इंजिनाच्या आतून वापरायला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं पेट्रोलियम सॉल्व्हंट (सी फोम या प्रकारातलं आहे), बारीक नळी लावलेली मोजमापाची सिरिंज, प्लगचा पाना, टॉर्क पाना, पुलीच्या बोल्टचा सॉकेट (बहुतेक आरएक्स गाड्यांत १९ मिमी), थोडं स्वच्छ इंजिन ऑइल, चिंध्या, चष्मा, नायट्राईल हातमोजे आणि ड्राय पावडरचं अग्निशामक.

काय वापरू नये तेही पक्कं करा. ॲसिटोन आणि तत्सम तीव्र सॉल्व्हंट नको, कारण ऑइल कंट्रोल रिंगच्या मागे रबराचे ओ-रिंग असतात आणि ते फुगतात. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर अजिबात नको, कारण तो गरम भागांवर जळला तर विषारी वायू तयार होतो. ऑइलच्या सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) घालायचे इंजिन फ्लशही नको. या इंजिनात ऑइल मीटरिंग पंप त्याच सम्पमधलं ऑइल सीलवर पाठवतो. म्हणजे फ्लशने पातळ केलेलं ऑइल बेअरिंगनाही जातं आणि ज्यांना सर्वात जास्त वंगण हवं त्या सीलनाही. हा सल्ला अनेकांना अति वाटतो, पण मी यावर ठाम आहे.

गाडी उघड्यावर, सपाट जमिनीवर उभी करा. खाली वाळलेलं गवत किंवा कागद नको. धूर खूप होणार आहे, त्यामुळे बंद गॅरेजमध्ये हे काम करायचं नाही.

## टप्पा ३: टाकीतून सौम्य सुरुवात

मोजमापात फरक किरकोळ असेल तर इथून सुरुवात करा, आणि शक्य तर इथेच थांबा.

पीईए ॲडिटिव्ह लेबलवरच्या प्रमाणात आधी टाकीत घाला आणि त्यावर पेट्रोल भरा, म्हणजे नीट मिसळतं. दुप्पट डोस घातल्याने दुप्पट सफाई होत नाही. उलट जास्तीचं ॲडिटिव्ह ऑइलमध्ये उतरतं. म्हणूनच ही टाकी ऑइल बदलायची वेळ जवळ आली असताना वापरावी.

टाकी छोट्या फेऱ्यांत संपवू नका. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, लांब रस्त्यावर चालवा, आणि गरम झाल्यावर अधूनमधून आरपीएम वर न्या. थंड इंजिनाला मात्र ताणू नका.

एक चूक इथे नेहमी होते. टू-स्ट्रोक ऑइलचं प्रीमिक्स (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणं) पहिल्यांदाच सुरू करायचं आणि त्याच टाकीत ॲडिटिव्हही घालायचं. नंतर फरक कशाने पडला ते कळत नाही. एका वेळी एकच बदल करा.

> तपासणी: टाकी संपल्यावर पुन्हा कॉम्प्रेशन मोजा. कमजोर तोंड वर येत असेल तर आणखी एक टाकी याच पद्धतीने वापरा. आकडा जागचा हलला नाही तर टप्पा ५ कडे जायची तयारी ठेवा.

## टप्पा ४: इनटेकमधून (जपून)

ही पद्धत सगळ्यात लोकप्रिय आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीची वापरली जाते. धूर भरपूर निघतो आणि काम झाल्याचं समाधान मिळतं. धुराचं प्रमाण किती कार्बन निघाला ते सांगत नाही. बराचसा धूर त्या द्रवाचाच असतो.

पद्धत अशी. इंजिन पूर्ण गरम हवं. द्रव थ्रॉटल बॉडीच्या तोंडाशी, हवा मोजणाऱ्या मास एअरफ्लो सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला द्यायचा. सेन्सरवर उडाला तर त्याचं वाचन बिघडतं. व्हॅक्यूमच्या नळीतून द्यायचा असेल तर ती नळी दोन्ही रोटरना जाणाऱ्या सामाईक जागेतून निघते का ते पाहा. एका रोटरच्या रनरवरची (त्याच्याच हवेच्या वाटेवरची) नळी निवडली तर सगळा द्रव एकाच रोटरला जातो आणि दुसरा कोरडा राहतो.

मदतनीसाने आरपीएम २००० च्या आसपास धरावा. तुम्ही अगदी थोडा थोडा द्रव सोडा, इंजिन अडखळलं की थांबा, सावरलं की पुढचा घोट. नळी बाटलीत बुडवून मोकळी सोडणं धोकादायक आहे. द्रव दाबला जात नाही आणि चेंबर भरलं तर सील आणि रोटर दोन्ही जाऊ शकतात.

लेबलवर सांगितलेला डोस संपला की इंजिन बंद करा आणि लेबलवरचा वेळ थांबा. मग सुरू करून धूर विरेपर्यंत हलक्या हाताने चालवा.

> इशारा: ही पद्धत एका दिवसात दोनदा करू नका. न जळलेला द्रव कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतो आणि तो अति तापतो. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला तर मिसफायर होतोय (पेट्रोल नीट पेटत नाही), लगेच इंजिन बंद करा.

> टर्बो असेल तर: आरएक्स-७ च्या १३बी-आरईडब्ल्यू सारख्या इंजिनात सुटलेला कडक तुकडा थेट टर्बाइनच्या दिशेने जातो. तिथे हा टप्पा वगळा आणि टाकीतून सावकाश सफाई करा.

## टप्पा ५: प्लगच्या भोकातून भिजवणं

सील खरोखर अडकलं असेल तर मोकळं होण्याची संधी याच पद्धतीत आहे. हीच सगळ्यात जास्त वेळ आणि संयम मागते.

५.१ इंधन आणि स्पार्क बंद करा. कॉइलचे कनेक्टर काढा आणि इंधन पंपाचा फ्यूज काढा. आरएक्स-८ मध्ये एक्सेंट्रिक शाफ्ट (रोटर ज्यावर फिरतात तो मुख्य शाफ्ट) पोझिशन सेन्सरचा प्लग काढला की इंधन आणि स्पार्क दोन्ही थांबतात, तरीही कॉइल वेगळे काढाच. भोकातून सॉल्व्हंटची वाफ बाहेर येत असताना कुठेही ठिणगी नको.

५.२ प्लग काढा आणि खुणा करा. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, खाली लीडिंग आणि वर ट्रेलिंग. दोघांची उष्णता-श्रेणी वेगळी असते. एल१, एल२, टी१, टी२ अशा चिठ्ठ्या वायरींना आणि प्लगना लावा. लीडिंग-ट्रेलिंगची अदलाबदल झाली तर इंजिन चुकीच्या वेळी स्पार्क घेईल, आणि चालवत राहिलात तर सीलवर संकट येईल. इंजिन थंड असतानाच प्लग काढा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमधले आटे जपले जातात.

५.३ एक तोंड, एक मुरवणी. पुलीच्या मधल्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवा, गाडीच्या समोरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने. उलट फिरवू नका, नाहीतर बोल्ट सैल होऊ शकतो. टॉर्चने भोकात पाहा. एपेक्स सीलची कड नेमकी भोकासमोर असेल तर थोडं पुढे न्या. समोर रोटरचं सपाट तोंड दिसलं पाहिजे.

सिरिंजने दोन्ही रोटरमध्ये प्रत्येकी साधारण १५ ते २० मिली सॉल्व्हंट खालच्या भोकातून सोडा. भोकांवर चिंधी ठेवा आणि काही तास थांबा. रात्रभर राहिलं तर उत्तम.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एक्सेंट्रिक शाफ्ट तीन फेऱ्या फिरतो तेव्हा रोटरची एक फेरी होते. म्हणजे पुलीची एक पूर्ण फेरी दिली की पुढचं तोंड भोकासमोर येतं. आधीच्या तोंडातला द्रव मात्र तोवर खाली आणि एक्झॉस्टच्या वाटेला लागलेला असतो. तिन्ही तोंडांत पटापट द्रव भरून एकदाच रात्रभर ठेवलं तर नीट भिजतं ते शेवटचं तोंड. प्रत्येक तोंडाला आपली वेगळी मुरवणी द्या. तीन दिवस लागले तर लागू द्या.

मधल्या काळात एकदोनदा पुली जरा पुढे न्या आणि तिथेच थांबवा. सील किंचित हललं की द्रव खाचेत उतरतो. फिरवताना कडक अडथळा जाणवला तर जोर लावू नका. तो कशाचा आहे ते बोरस्कोपने पाहा.

५.४ द्रव बाहेर काढा. तिन्ही तोंडं झाली की सगळे प्लग बाहेरच असताना, भोकांवर जाड चिंधी धरून, पाच-सहा सेकंदांचे दोन-तीन वेळा स्टार्टर मारा. मध्ये स्टार्टर थंड होऊ द्या. द्रव फवाऱ्यासारखा बाहेर येतो, म्हणून चेहरा लांब आणि चष्मा डोळ्यांवर.

> तपासणी: चिंधीवर ओला फवारा यायचा थांबला का? तो येत असेपर्यंत प्लग लावायचे नाहीत.

५.५ ऑइल द्या. सॉल्व्हंटने सीलवरची ऑइलची फिल्म धुऊन गेलेली असते. अशा कोरड्या इंजिनात कॉम्प्रेशन आणखी पडतं आणि ते सुरूच होत नाही. मग "सफाईने इंजिन मेलं" असा समज होतो. प्रत्येक रोटरमध्ये ५ ते १० मिली स्वच्छ इंजिन ऑइल सोडा, पुली हाताने तीन पूर्ण फेऱ्या फिरवा, मग जुनेच प्लग लावा.

## टप्पा ६: पहिली सुरुवात

कॉइल, सेन्सर, फ्यूज सगळं जागेवर लावा आणि बॅटरी पुन्हा एकदा चार्ज करा. आरएक्स-८ मध्ये एक्सलरेटर पूर्ण दाबून काही सेकंद स्टार्टर मारला तर इंजिन इंधन सोडत नाही आणि आतलं उरलंसुरलं बाहेर पडतं. मग पाय काढा आणि नेहमीप्रमाणे सुरू करा.

धूर दाट येईल. १५०० ते २००० आरपीएमवर धरा, रेस मारू नका. धूर कमी होईपर्यंत गाडी जागेवरच ठेवा आणि एक्झॉस्टच्या खाली काही लालसर तापलेलं दिसतं का ते पाहत राहा. दिसलं तर बंद करा, थंड होऊ द्या, मग पुन्हा थोडा वेळ चालवा.

इंजिन एकदा सुरू झालं की थंड असताना बंद करू नका. तापमान नेहमीच्या जागी आल्यावरच बंद करा. थंड बंद केलेलं रोटरी पुढच्या वेळी पेट्रोलने भरून बसतं.

धूर विरल्यावर मोकळ्या रस्त्यावर आधी मध्यम आरपीएमवर चालवा. सगळं सुरळीत असेल तर गिअर बदलत हळूहळू वरच्या आरपीएमपर्यंत न्या. मोकळा झालेला कार्बन बाहेर जायला हाच वेग लागतो. अर्ध्या तासाची सलग फेरी पुरते.

## टप्पा ७: आता ऑइल आणि प्लग

फेरीनंतर, इंजिन कोमट असताना ऑइल आणि फिल्टर बदला. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा पेट्रोलसारखा वास आला तर सॉल्व्हंट खाली उतरलं आहे. अशा वेळी एका आठवड्याने ऑइल पुन्हा बदललं तर बरं.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर नवे प्लग लावा. आरएक्स-८ साठी टॉर्क साधारण १३ ते १८ न्यूटन-मीटर. आधी हाताने आटे बसवा, मग टॉर्क पाना वापरा. चिठ्ठ्या काढण्याआधी एल आणि टी पुन्हा एकदा पडताळा.

## टप्पा ८: पुन्हा मोजमाप, पण लगेच नाही

काम झालं त्याच दिवशी कॉम्प्रेशन मोजू नका. आत ओतलेलं ऑइल सीलच्या फटी तात्पुरत्या भरतं आणि आकडा खोटा चढतो. काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, मग आधीसारखीच गरम इंजिनावर, चार्ज केलेल्या बॅटरीने मोजा आणि पहिल्या आकड्यांशेजारी लिहा.

कमजोर तोंड बाकीच्यांच्या जवळ आलं असेल तर सील मोकळं झालं. थोडंच सुधारलं असेल तर टप्पा ५ आणखी एकदा करण्यात अर्थ आहे. दुसऱ्या वेळीही आकडा जागचा हलला नाही तर तिसऱ्यांदा करू नका. ती झीज आहे आणि ती कुठल्याही द्रवाने भरून येत नाही.

कार्बन लवकर परत येत असेल तर कारण शोधा: कमजोर कॉइल, गळका इंजेक्टर, नीट न चालणारा ऑइल मीटरिंग पंप, किंवा रोज पाच मिनिटांच्या फेऱ्या. शेवटचं कारण सगळ्यात जास्त आढळतं, आणि त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा गाडी पूर्ण गरम करून लांब चालवणं. पीईएची एक टाकी दर ऑइल बदलाच्या थोडं आधी वापरली, तर पाचव्या टप्प्याची वेळ सहसा येत नाही.